पिळाचं धुराडं

जुन्या वास्तूंचा वारसा अधिकारी अकरा वाजता यायचा होता आणि लायनल साडेनऊलाच बायकोसकट येऊन थडकला, यावरूनच हेस्टरला कळायला हवं होतं की भाऊ नुसता चहाला आलेला नाही. पण तिचं सगळं लक्ष परसातल्या भिंतीकडे लागलेलं. भिंत कसली, मांडीएवढ्या उंचीचा, नऊ थरांचा नमुना. संरक्षित घरावर नवी वीट चढवायची तर आधी जमिनीवर असा नमुना बांधून दाखवायचा, अधिकाऱ्यानं तो पास करायचा आणि मगच शिडीला हात लावायचा, असा नियम होता. नमुन्यावरचं ओलं गोणपाट तिनं सकाळपासून सहाव्यांदा उचललं आणि सहाव्यांदा खाली सोडलं.

"सारखी उघडून बघू नकोस," खुर्चीत बसलेला सायलसकाका म्हणाला. "चुना आहे तो, पाळण्यातलं मूल नाही."

"ओल टिकली पाहिजे असं तुम्हीच म्हणालात, काका."

"ओल टिकायला गोणपाट खाली असावं लागतं, पोरी."

पोर पंचावन्न वर्षांची होती आणि काका एक्क्याऐंशीचा. घरच्या, हनीसेटांच्या वीटभट्टीत विटा पाडणारा तो शेवटचा माणूस. भट्टी एकोणीस वर्षांपूर्वी बंद पडली, त्याची बोटं त्याआधीच आखडली. गेली दोन वर्षं तो रोज सकाळी गावातून काठी टेकत यायचा, जुन्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि हेस्टर विटा पाडत असताना तिला बोल लावायचा. माती कमी मळलीस. वाळू जास्त झाली. हात जड पडतो तुझा. दोन वर्षांत त्यानं एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं, आणि हेस्टरला त्याची इतकी सवय झाली होती की ज्या दिवशी तो गप्प बसे त्या दिवशी तिला वाटे, वीट चांगली निघाली असावी.

हे सगळं त्या वादळापायी. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात निम्म्या ससेक्समधली झाडं एका रात्रीत आडवी झाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या घराचं, क्ले हॉलचं, पाचवं धुराडं. स्वयंपाकघरावरचं, पिळाचं. सव्वाशे वर्षं उभं होतं ते काकडीच्या वाफ्यात येऊन पडलं.

क्ले हॉल पहिल्यांदा पाहणारा माणूस त्याला सुंदर म्हणायला जरा बिचकतो. लाल भिंतीवर निळसर काळ्या विटांची शंकरपाळी नक्षी, तिच्यावर पिवळ्या विटांचे दोन पट्टे, छताखाली करवतीच्या दातांसारखी वीट, वरच्या मजल्याला माशाच्या खवल्यांसारखी कौलं, पोर्चच्या कमानीवर भाजलेल्या मातीची सूर्यफुलं आणि कुठल्याही दोन खिडक्यांच्या कमानी एकसारख्या नाहीत. १८६६ साली जोसाया हनीसेटनं हे घर राहायला कमी आणि दाखवायला जास्त बांधलं. हे त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक घोड्यावरून यायचं, घराला एक चक्कर मारायचं आणि काठीनं दाखवायचं, ही ओळ तीनशे, ती कमान दोन. स्वस्तातला माल बघायला येणाऱ्यांसाठी उत्तरेची भिंत साधी ठेवलेली. कपडे धुण्याच्या खोलीला भट्टीत वेड्यावाकड्या झालेल्या विटा, कारण जोसाया काही फेकणाऱ्यांतला नव्हता. आणि माथ्यावर पाच धुराडी, पाच तऱ्हांची. गावातल्या, म्हणजे वॉर्निंगफोल्डच्या, एका पाद्र्यानं एकदा फार गोड बोलून सुचवलं होतं की भिंतींवर वेल चढवली तर बरं दिसेल. त्या पाद्र्याला हनीसेटांच्या तीन पिढ्यांनी नाताळात बोलावलं नाही, तो मेल्यावरसुद्धा त्याचा विषय निघाला की आवाज चढायचे.

सरकारनं घर संरक्षित केलं तेव्हा नोंदीत एक ओळ लिहिली, आणि हेस्टरच्या वडिलांनी, एडमंडनी, ती चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या दारावर लावली. 'वीटकाराने आपल्या मालाचा नमुनासंच म्हणून बांधलेले घर. एकूण एक वीट मालकाच्याच भट्टीची.' घरात मात्र ही गोष्ट सरकारनं सांगायच्या कितीतरी आधीपासून म्हटली जात होती. हनीसेटांच्या घरात परकी वीट नाही. मुलं बोलायला लागली की आईबाप आणि देव यांच्यानंतर हे शिकायची.

एडमंड गेल्या हिवाळ्यात वारला आणि घर बहीणभावांच्या नावावर झालं. लायनल हॉर्शमला घरांची खरेदी-विक्री करून देतो. त्याच्याकडे एक दंतवैद्य आणि त्याची बायको तयार होती, अट एकच, धुराडं परत बांधायचं लोढणं गळ्यात नको. हेस्टर घर सोडायला तयार नव्हती. खूप वादावादीनंतर ठरलं ते असं. अधिकाऱ्यानं हेस्टरचा नमुना पास केला तर ती जिवंत असेपर्यंत घर विकायचं नाही. नापास केला तर अशी वीट आता होत नाही म्हणून सक्ती माफ करून घ्यायची, घर विकायचं आणि हेस्टरनं वर्दिंगला समुद्रकाठच्या बैठ्या घरात राहायला जायचं आणि तक्रार करायची नाही. हेस्टरला समुद्र आवडत नसे.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, माप घ्यायला म्हणून पडलेल्या धुराड्याची एक वीट तिनं व्हिनेगरमध्ये घासून साफ केली. विटेच्या पोटात चुना धरायला खळगी असते, तिच्यात भट्टीचा शिक्का उमटवतात. सव्वाशे वर्षांचा चुना सुटून आला आणि खाली H नव्हता. F होता. तिनं दुसरी घासली, तिसरी घासली. बासष्ट विटा शाबूत होत्या आणि बासष्टांवर तोच शिक्का. नदीपलीकडच्या प्रतिस्पर्धी भट्टीवाल्या फगलचा. फगल म्हणजे ज्यांचं नाव घेतलं की तिचे आजोबा पाइप तोंडातून काढत.

तिनं त्या विटा कपडे धुण्याच्या खोलीत पोत्यांखाली रचून ठेवल्या आणि मूग गिळून बसली. आपण हे का करतोय ते तिला नीट सांगता आलं नसतं. काकाला धक्का बसेल, एवढं ती स्वतःला सांगत होती.

*

डॅफ्नी, लायनलची बायको, कामाला फार उजवी. ती आली की पाचव्या मिनिटाला एप्रन चढवलेला असतो आणि पंधराव्या मिनिटाला या घरातली प्रत्येक सुरी बोथट आहे हे सर्वांना कळलेलं असतं. आज तिला अधिकाऱ्याच्या चहासाठी घडीचं टेबल हवं होतं. ते कपडे धुण्याच्या खोलीत आहे हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं. हेस्टरला हे सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

लायनल जेवणघरात आला तो पुसण्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून. जिऱ्याचा केक आणि जॅमची बरणी यांच्यामध्ये त्यानं ते ठेवलं आणि फडकं उलगडलं.

"वीट आहे," हेस्टर म्हणाली.

"दिसतंय मला. पोटातलं वाच."

"वाचलंय."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

लायनलनं काकाकडे पाहिलं. काकानं विटेकडे पाहिलं, मग किटलीकडे. "चहा गार होतोय," तो म्हणाला.

"म्हणजे काकांना माहीत होतं," डॅफ्नी म्हणाली. तिच्या हातात हॅमची ताटली होती, ती तिनं हळूच खाली ठेवली. "बघा, यांचा चेहरा बघा. यांना पहिल्यापासून माहीत होतं."

"काका?" हेस्टर म्हणाली.

सायलसकाकानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यानं सांगितलं ते असं. पिळाच्या धुराड्याची प्रत्येक वीट तिरक्या नाकाची असते, एकावर एक सरकवत नेल्या की पीळ दिसतो. जोसायानं त्या विटा पाडल्या आणि भाजल्या, तर सगळी नाकं फिरलेली आणि निम्म्यांना तडे. पुन्हा केल्या, तीच गत. तिसरी भट्टी उघडली तेव्हा तो म्हणे भट्टीच्या दारात बसून रडला. आणि मोठ्या जमीनदाराचा कारभारी दहा दिवसांनी घर बघायला यायचा होता. मग एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना फगलकडून गवताच्या गाडीत लपवून विटा आणल्या. शिक्का खाली, चुन्यात. फगलनं तोंड बंद ठेवायचं काय घेतलं ते कोणालाच माहीत नाही.

"मला वडिलांनी सांगितलं," काका म्हणाला, "मी पहिल्यांदा टेबलाशी विटा पाडायला उभा राहिलो त्या दिवशी. टेबलाशी उभ्या राहणाऱ्यालाच सांगायचं, दुसऱ्या कोणाला नाही. एडमंड हिशेब लिहायचा, त्याला नाही सांगितलं. बिचारा चौकट लावून बसला."

"मी दोन वर्षं त्या टेबलाशी उभी आहे," हेस्टर म्हणाली.

काकानं चहात साखर घातली. तिला ते लागलं. फगलच्या शिक्क्यापेक्षा जास्त लागलं. दोन वर्षं हात फुटेपर्यंत ती माती मळत होती आणि या म्हाताऱ्याच्या लेखी ती अजून वाळू चाळणारी बाई होती. हनीसेटांच्या भट्टीत बायका वाळू चाळायच्या, विटा वाहायच्या, चहा आणायच्या. टेबल पुरुषांचं.

लायनल मात्र पेटला होता. "आयुष्यभर या जेवणाच्या टेबलावर एकच पाढा ऐकला. परकी वीट नाही, परकी वीट नाही. शाळेत त्यावरून मारामाऱ्या केल्या मी. फगलच्या नातवाचं नाक फोडलं. आणि तो बिचारा खरं बोलत होता."

"तो तुला जिराफ म्हणाला होता," हेस्टर म्हणाली.

"तेही म्हणाला होता. आता ऐक. नोंदीत काय लिहिलंय? एकूण एक वीट मालकाच्या भट्टीची. ही मालकाच्या भट्टीची नाही. म्हणजे हे धुराडं त्या नमुनासंचात बसत नाही. मी अधिकाऱ्याला वीट दाखवतो आणि म्हणतो, साहेब, हे उपरं आहे, यातून आम्हाला सोडवा. संपलं."

"आपलं ठरलं होतं, लायनल."

"ठरलं तेव्हा तुझ्या पोत्याखाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं."

हे तो बरोबर बोलत होता.

"विटा मातीच्या खाणीत टाका," काका म्हणाला. "खाणीत पंधरा हात पाणी आहे. अजून पाऊण तास आहे."

"बासष्ट विटा? कोण टाकणार, तुम्ही?"

"लायनलच्या गाडीत घाला."

"माझी गाडी नवीन आहे."

इथे डॅफ्नीनं खुर्ची ओढली आणि बसली. ती या घरात कधी बसत नसे. "मला हे घर आवडत नाही," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी विटांची स्तुती ऐकतेय, तीही जेवताना. पण लायनल, तू हे त्या माणसाला सांगितलंस तर उद्या पोस्टात कळेल आणि परवा चर्चमध्ये. पुढच्या महिन्यात जत्रेत केकच्या टेबलामागे मी उभी राहणार आहे, तू नाही. आणि समोरून फगलच्या सुना येणार आहेत."

"तुला विकायचं होतं ना घर?"

"विकायचंच आहे. नाव घालवून नको."

लायनल आ वासून बायकोकडे पाहत राहिला. हेस्टरही पाहत राहिली. पंचवीस वर्षांत डॅफ्नी तिच्या बाजूनं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि आता बोलली ती खोटं लपवण्याच्या बाजूनं. एकीकडे काका आणि डॅफ्नी, ज्यांचं एकमेकांशी चहाच्या रंगावरूनही पटत नसे. दुसरीकडे लायनल, ज्याच्या तोंडी पहिल्यांदाच खरं होतं आणि तेही घर विकायला. आपण कुठे उभे आहोत ते तिला कळेना.

लायनलनं वीट परत फडक्यात गुंडाळली आणि तिच्यापुढे सरकवली. "ठीक. मी तोंड उघडत नाही. तू ठरव. सांगितलंस तर माझं काम होतं. नाही सांगितलंस तर घर तुझं, पण मग आयुष्यभर ती चौकट रोज बघायची. मला दोन्ही चालेल."

"तू वडिलांसारखा दिसतोस असा बोलताना," हेस्टर म्हणाली, आणि ती काही स्तुती नव्हती.

*

मिस्टर स्ट्रूडविक सायकलवरून आला. किरकोळ बांध्याचा, पँटच्या पायांना चिमटे लावलेला, पन्नाशीचा माणूस. चहा नंतर म्हणाला आणि आधी घराला चक्कर मारायला निघाला. हेस्टर त्याच्याबरोबर होती. तो बोलत काहीच नव्हता, पण त्याचा हात भिंतीवरून हटत नव्हता. करवती दातांखाली तो थांबला, मान वर करून बराच वेळ. पोर्चमध्ये सूर्यफुलाच्या एका पाकळीवरून त्यानं अंगठा फिरवला. उत्तरेच्या साध्या भिंतीपाशी लोक कधी थांबत नाहीत, तिथेही तो थांबला.

"इथे सांधे सर्वांत बारीक आहेत," तो म्हणाला. "स्वस्त विटेला सर्वांत चांगला गवंडी लावलाय."

"गरीब गिऱ्हाईक जास्त चिकित्सा करतं, असं आजोबा म्हणायचे," हेस्टर म्हणाली. हे घर असं वाचणारा माणूस तिला वडिलांनंतर भेटला नव्हता. कुणी काही म्हणो, लालभडक म्हणो, डोकेदुखी म्हणो, या भिंतीत एक वीट आळसानं बसवलेली नाही. तिला तो क्षण लांबवावासा वाटत होता.

दिवाणखान्याच्या दारावरची चौकट त्यानं मोठ्यानं वाचली. "एकूण एक वीट मालकाच्याच भट्टीची. मिस हनीसेट, असं दुसरं घर या जिल्ह्यात मला ठाऊक नाही." लायनल जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. त्यानं छताकडे पाहिलं.

मग सगळे परसात आले. हेस्टरनं गोणपाट काढलं. नऊ थर, तिरक्या नाकांची वीट, खालून वर जाणारा पीळ. स्ट्रूडविक गुडघ्यांवर बसला. त्यानं खिशातून नाणं काढून विटांवर एकेक टिचकी मारली आणि कान लावला. खणखणीत आवाज येत होता. मग फुटपट्टी काढली. खालच्या थरांपाशी तो जास्त वेळ घुटमळला.

"जुनी एखादी वीट आहे? शेजारी ठेवून बघतो."

काकानं खुर्चीखालून एक वीट काढली. ती त्यानं केव्हा आणून ठेवली देव जाणे. कोपरा उडालेली, खळगीचा भाग फुटलेला, शिक्का असलाच तर गेलेला. "ही घ्या," तो म्हणाला. "आमच्याच भट्टीची. सगळ्याच."

स्ट्रूडविकनं वीट नमुन्याशेजारी धरली. डॅफ्नी मागे उभी राहून हातातलं फडकं पिळत होती. लायनल हेस्टरकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात या वेळी कुरघोडी नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हेस्टरला वाटलं, गप्प राहणं किती सोपं आहे. तोंड उघडायचंच नाही, बस्स. आणि मग तिनं त्या फुटक्या विटेचं तिरकं नाक पाहिलं. गेली दोन वर्षं तिनं त्या नाकाची मापं घेतली होती, ते स्वप्नात पाहिलं होतं, त्याच्यासारखं एक जमावं म्हणून दोनशे विटा फोडल्या होत्या. ज्यानं ही पाडली तो माणूस मोठा कसबी होता. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं, पण ते हनीसेट नव्हतं. त्याच्या कामावर आपलं नाव लावायचं, हे तिला जमेना. दुसऱ्याची वीट आपली म्हणून विकणारा हा त्यांच्या धंद्यात चोराहून खालचा.

"ती आमची नाही," ती म्हणाली.

"पोरी," काका म्हणाला.

"नदीपलीकडच्या फगलच्या भट्टीची आहे. सगळं धुराडं त्यांचं. शिक्क्यांसकट बासष्ट विटा आहेत आत, दाखवते. आमच्या पणजोबांच्या बापाला जमली नाही म्हणून त्यानं विकत आणली आणि शिक्का लपवला. चौकटीत लिहिलंय ते खोटं आहे. तुमच्या माणसानं नाही लिहिलं खोटं, आम्ही सांगितलं म्हणून लिहिलं."

स्ट्रूडविक उठला, गुडघे झटकले. आत जाऊन बासष्ट विटांचा ढीग बघून आला. येताना त्याच्या हातात एक वीट होती.

"चांगली आहे," तो म्हणाला.

"फार चांगली आहे," हेस्टर म्हणाली.

आता लायनल पुढे झाला, कारण त्याचा धंदाच तो होता. "तर मग साहेब, हे धुराडं मूळ कल्पनेत बसत नाही. हे परत बांधायची सक्ती—"

"मिस्टर हनीसेट," स्ट्रूडविक म्हणाला, "घर संरक्षित आहे ते उभं होतं तसं. वीट कोणी पाडली यावर ते अवलंबून नाही. नोंदीतली ओळ मी बदलायला सांगेन. धुराडं मात्र बांधावं लागेल. खरं तर आता जास्तच. प्रतिस्पर्ध्याची वीट डोक्यावर मिरवणारा वीटकार मी अजून पाहिला नाही."

लायनल मागे सरकला.

"राहिला नमुना." स्ट्रूडविक पुन्हा खाली बसला. "खालचे तीन थर मी घेणार नाही. सांधे जाड आहेत आणि दुसऱ्या थरात पीळ अडखळतो. ते उतरवून पुन्हा बांधा. वरचे सहा मी पास करतो. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही." त्यानं नाण्यानं वरच्या विटेला आणखी एक टिचकी दिली, कामासाठी नव्हे, नुसती ऐकायला. "नाक फिरत कसं नाही यांचं? वाळताना फिरायला हवं."

"फिरतंच," हेस्टर म्हणाली. "मी शाळेत कुंभारकाम शिकवायचे. कपाला कान लावला की वाळताना तो मागे जातो, म्हणून आधीच थोडा जास्त वळवून लावायचा. तसाच साचा केला. नाक हवं त्याहून अर्धं बोट जास्त तिरकं. वाळलं की बरोबर जागेवर येतं. जुना साचा मला सापडला नाही, हरवला असेल."

"हरवला नाही," काका म्हणाला. "नव्हताच. चालणारा साचा आमच्याकडे कधीच नव्हता."

स्ट्रूडविकनं पाटीवरचा कागद काढला, पेन उघडलं. त्याच्या कागदात एक रकाना होता. वीट कोणी पाडली.

"हनीसेट आणि मुलगे," हेस्टर सवयीनं म्हणाली.

"ती भट्टी बंद झाली ना? मला माणूस लागतो. पुढे कधी कोणी हे धुराडं उतरवलं तर त्याला कळायला हवं. आज झालं तसं नको."

सायलसकाका खुर्चीतून उठायला लागला. डॅफ्नीनं त्याला हात दिला, त्यानं तो घेतला, हे एरवी झालं नसतं. काठी टेकत तो नमुन्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि हेस्टरला वाटलं, आता हा आपल्याशी मरेपर्यंत बोलणार नाही.

"जोसायानं तीन भट्ट्या घालवल्या या विटेपायी," तो स्ट्रूडविकला म्हणाला. "माझ्या आजानं दोन. बापानं एक. मी एकतीस सालचा सगळा उन्हाळा. कारण आम्हाला माहीत होतं ना, काय राहून गेलंय ते. टेबलाशी उभा राहिला की प्रत्येकाला ते सांगायचे आणि प्रत्येक जण करून बघायचा. एकाचीही नीट निघाली नाही." त्यानं आखडलेल्या बोटांनी वरच्या थरातली वीट चाचपली, नाक, कड, पोट. "या घराण्यात ही वीट एकाच माणसानं पाडलीय. हेस्टर हनीसेट. तिचं लिहा."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, काका," हेस्टर म्हणाली. "पहिल्या दिवशी सांगायचं असतं ना?"

"सांगितलं असतं तर तूही भ्यायली असतीस. आम्ही सगळे भिऊनच पाडायचो ती. तुझा हात मोकळा राहावा म्हटलं."

लायनल वाकून कागदाकडे बघत होता. "पूर्ण नाव लिहा, साहेब," तो म्हणाला. "हेस्टर मॉड हनीसेट. क्ले हॉल, वॉर्निंगफोल्ड. पत्ता आता बदलणार नाही."

स्ट्रूडविकनं लिहिलं आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं. चुन्यानं फाटलेल्या बोटांत ते नीट धरवत नव्हतं, त्यामुळे सही रकान्याबाहेर गेली आणि नको तेवढी मोठी आली. हेस्टरनं ती तशीच राहू दिली.